नमुना क्रमांक सात

निंबा बडगुजर दुसऱ्यांदा आले लॅबमध्ये,
अमळनेरहून सकाळच्या पॅसेंजरने जळगावला.
पिशवीत या वेळी मुलाचा फोटो नव्हता,
कोणीतरी मोबाइलवरून छापून दिलेली चित्रं होती.
"पडनी नही ती बिल्डिंग, साहेब. पाडी टाकी."

मी साहेब नाही. मी ठोकळे फोडतो,
काँक्रीटचे, पंधरा सेंटिमीटरचे.
काटा चढतो, थांबतो, मी आकडा लिहितो.
एरवी मला कोणी काही विचारत नाही.

पहिलं चित्र: सळई, तिरपी कापलेली, चकचकीत.
आधीच कापून ठेवली होती म्हणे कोणी.
काका, हे चित्र दुसऱ्या दिवशीचं आहे.
ढिगाऱ्याखाली कोणीतरी भांडं वाजवत होतं,
म्हणून फायर ब्रिगेडच्या पोरांनी गॅस कटर लावला.
कापणारा तुमच्या प्रमोदलाच शोधत होता.

दुसरं: खिडक्यांतून एकापाठोपाठ धुराचे लोट,
बाण काढलेले, लाल.
तुमची पिठाची गिरणी आहे ना?
पोत्यावर पोतं आदळलं की शिवणीतून पीठ उडतं.
स्लॅब खाली येतो तेव्हा
मधल्या हवेनं जायचं कुठे?

तिसरं चित्र नव्हतं, प्रश्न होता:
आडवी का नही पडनी? सरळ खालीच कशी बसनी?
झाड आडवं पडतं, काका. हे चौदा पायांचं जनावर.
एक पाय गेला की भार शेजारच्यावर,
त्याला झेपलं नाही की पुढच्यावर,
आणि वजनाला एकच रस्ता ठाऊक असतो.

ते ऐकत होते. ऐकत नव्हते.
टपरीवर आणखी गोष्टी फिरताहेत तिकडे:
तळघरातला हंडा, विम्याचे पैसे, अमावास्या.
(पडली ती अष्टमीला. मी पंचांग बघितलं.)

मग मी कपाट उघडलं.
नमुना क्रमांक सात. तळमजला, कोपऱ्याचा खांब,
दिवाळीच्या आधी मोबाइलच्या दुकानाला
शटर रुंद हवं होतं, म्हणून एका अंगाने तासलेला.
आत बोरीची न धुतलेली रेती, बोरिंगचं खारं पाणी,
मिठाने खाऊन बोरूएवढी उरलेली सळई.
डोक्यावर मंजुरी नसलेला मजला, त्याच्यावर टाकी.
भेग सगळ्यांनी पाहिली होती.
तिच्यावर कॅलेंडर टांगायचे,
दर वर्षी थोडं मोठं.

अंगठा फिरवा, मी म्हणालो.
त्यांनी फिरवला. तीस वर्षं
पिठाची धार जोखणारा अंगठा.
फरशीवर वाळू सांडली.
"जाडं दळेल शे," म्हणाले.

नंतर बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"बॉम्ब ऱ्हाता ते बरं व्हतं.
एकच मानूस धुंडना पडता."

यावर माझ्याकडे आकडा नव्हता.
मी जुनी वही काढली, बारा वर्षांपूर्वीची,
आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवलं.
त्याच साइटचे तीन ठोकळे आले होते तेव्हा.
तिन्ही पास. मस्त ठोकळे होते, अजून आठवतात,
फुटताना घंटेसारखे वाजले होते.
ते त्या खांबांच्याच घाण्यातले होते का,
की दाखवायला वेगळे भरले होते,
हे विचारणं माझं काम नव्हतं.
खाली निळ्या शाईत माझी सही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
सहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही तुमची?"
हो.
चित्रं त्यांनी फेकली नाहीत,
घडी घालून पिशवीत ठेवली.
नमुना मागितला. देता येत नाही,
कोर्टाचा आहे.

मग ते खाली बसले, फरशीवरची वाळू
चिमटी-चिमटीने गोळा केली,
सकाळच्या तिकिटाची पुडी करून तिच्यात भरली.
चारची गाडी होती.
मी दार धरून उभा राहिलो.